कडकनाथचा पैदाशी कळप : पिल्लांची निवड कशी करावी?

कडकनाथ कोंबडीचे नाव गेल्या काही वर्षांत घरोघरी पोहोचले आहे. काळे मांस, गावठी चव आणि चढा दर यांमुळे अनेक शेतकरी व बेरोजगार तरुण या जातीकडे वळले. याच लोकप्रियतेच्या आड फसवणूकही वाढली. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथून चालविल्या गेलेल्या एका योजनेत पिल्ले देऊन अंडी व पक्षी परत विकत घेण्याचे आश्वासन दिले गेले होते. २०१९ साली ती योजना कोलमडली, शेकडो शेतकऱ्यांचे पैसे अडकले आणि फसवणुकीचे गुन्हे नोंद झाले. परत खरेदीचे आश्वासन हवेत विरले, तेव्हा अनेकांच्या हाती उरला तो केवळ कळप. अशा वेळी त्या कळपाचे खरे मोल ठरविणारा प्रश्न एकच असतो : हे पक्षी अस्सल आहेत का, आणि त्यांच्यापासून पुढची अस्सल पिढी निघेल का?

या प्रश्नाचे उत्तर खरेदीच्या पावतीत मिळत नाही. ते पिल्लांच्या निवडीत मिळते. गोव्यात गावठी कोंबडीला आणि तिच्या शागुतीला जो मान आहे, तो पाहता येथेही परसात दहा-वीस कडकनाथ पाळणाऱ्यांची संख्या वाढू शकते. त्यांच्यासाठी पैदाशीचा कळप निवडण्याची पद्धत येथे क्रमाने दिली आहे. असील, बसरा किंवा अन्य कोणत्याही देशी जातीसाठीही तिचा गाभा तोच राहतो. बदलतात ती केवळ जातीची लक्षणे.

जातीची ओळख

कडकनाथ ही मूळची मध्य प्रदेशाच्या पश्चिम भागातील, झाबुआ, अलीराजपूर व धार या जिल्ह्यांतील जात. भिल्ल व भिलाला समाजांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. स्थानिक लोक तिला ‘कालीमासी’ म्हणजे काळ्या मांसाची असेही म्हणतात. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन त्या प्रदेशाशी बांधलेले आहे. त्यामुळे गोव्यात किंवा कोकणात वाढविलेला पक्षी कितीही अस्सल असला, तरी त्याचे मांस झाबुआच्या नावाने विकता येत नाही.

या जातीत पिसांच्या रंगावरून तीन प्रकार मानले जातात. पूर्ण काळा तो ‘जेट ब्लॅक’, मानेवर पांढुरक्या रेषा असलेला तो ‘पेन्सिल्ड’ आणि सोनेरी छटा असलेला तो ‘गोल्डन’. पिसांचा रंग वेगळा असला तरी तिन्ही प्रकारांत कातडी, चोच, पाय आणि तळवे काळपट पाटीच्या रंगाचे असतात. तुरा, चोचीखालची लोंबती कातडी आणि जीभ यांवर जांभळट काळी झाक असते. मांस व आतील अवयवही काळपट असतात. रक्त मात्र लालच असते आणि अंड्याचे कवच फिकट बदामी असते. ‘काळ्या रक्ताची’ कोंबडी किंवा ‘काळे अंडे’ अशी जाहिरात दिसली, तर विक्रेत्याला जात ठाऊक नाही किंवा तो खोटे बोलत आहे, असे समजावे.

वाढीच्या बाबतीत कडकनाथ मंद आहे. विसाव्या आठवड्यात तिचे सरासरी वजन ९०० ते ९५० ग्रॅमच्या आसपास असते. पूर्ण वाढलेला कोंबडा १.८ ते २ किलो आणि कोंबडी १.२ ते १.५ किलो भरते. तलंग साधारण १८० दिवसांनी अंड्यावर येते. वर्षाला शंभराच्या आसपास अंडी मिळतात. हे आकडे लक्षात ठेवणे निवडीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे, कारण त्यांच्यापेक्षा फार पुढे धावणारे पिल्लू आनंदाचे नव्हे, संशयाचे कारण असते.

काळेपणाचे गणित

कडकनाथचा आतला काळेपणा एका विशिष्ट जनुकीय बदलामुळे येतो. विसाव्या गुणसूत्रावरील एका तुकड्याची पुनरावृत्ती झाल्याने रंगपेशी शरीरभर पसरतात, हे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. चीनमधील सिल्की आणि इंडोनेशियातील आयाम सेमानी या काळ्या जातींतही हाच बदल आहे. हा गुण प्रभावी आहे. म्हणजे पक्ष्याला तो आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच मिळाला, तरी पक्षी काळा दिसू शकतो. त्यामुळे दिसायला काळा असलेला प्रत्येक पक्षी जातिवंत असतोच असे नाही.

याला दुसऱ्या एका जनुकाची जोड आहे. पांढऱ्या किंवा पिवळ्या पायांच्या सामान्य कोंबड्यांत कातडीतील काळेपणा दाबणारे एक प्रभावी जनुक असते आणि ते लिंग गुणसूत्रावर असते. पक्ष्यांत नराला अशी दोन गुणसूत्रे मिळतात, एक आईकडून व एक बापाकडून. मादीला मात्र ते एकच आणि बापाकडूनच मिळते. यातून व्यवहारात दोन गोष्टी निघतात.

कडकनाथ कोंबडीवर पिवळ्या पायांचा कोंबडा सोडला, तर सर्वच पिल्ले फिकट कातडीची निघतात आणि भेसळ लगेच उघड होते. उलट, कडकनाथ कोंबडा आणि पिवळ्या पायांची सामान्य कोंबडी यांच्या संकरातून निघालेल्या माद्या काळ्या दिसतात, तर त्यांचे भाऊ फिकट निघतात. काळ्या कोंबड्यांच्या नावाखाली संकरित माद्या खपविल्या जाऊ शकतात, त्या याच मार्गाने. म्हणून केवळ तलंगा विकत घेण्यापूर्वी त्याच उबवणीतील नर पिल्ले दाखविण्याचा आग्रह धरावा. माद्या काळ्या आणि नर फिकट असा स्पष्ट भेद दिसला, तर तो माल पैदाशीसाठी घेऊ नये.

पहिली चाळणी : पहिला दिवस

पैदाशीसाठी जितके पक्षी ठेवायचे असतील, त्यांच्या निदान तिप्पट-चौपट पिल्लांपासून सुरुवात करावी. ३२ कोंबड्या व ४ कोंबडे ठेवायचे असतील, तर दीडशेच्या आसपास पिल्ले हवीत. त्यांत साधारण निम्म्या माद्या निघतात, काही मरतात, काही बाद होतात. तेव्हा कुठे निवडीला वाव उरतो. मोजकीच पिल्ले आणून सगळीच ठेवणे याला निवड म्हणत नाहीत.

उबवणीची अंडी प्रथम निवडावीत. ४५ ते ५० ग्रॅमची, नेहमीच्या आकाराची, बिनतडा आणि सात दिवसांहून जुनी नसलेली अंडी ठेवावीत. कडकनाथ कोंबडी सहसा खुडूक बसत नाही. म्हणून तिची अंडी गावठी खुडूक कोंबडीखाली किंवा उबवणी यंत्रात ठेवावी लागतात. उबवणीचा काळ २१ दिवसांचा असतो. सातव्या दिवशी अंडी दिव्यापुढे धरून पाहावीत आणि फळलेल्या अंड्यांची संख्या कोंबड्यागणिक लिहून ठेवावी. हीच नोंद पुढे कोंबड्याची खरी परीक्षा ठरते.

पिल्लू बाहेर पडल्यावर चार गोष्टी पाहाव्यात. डोळे उघडे व तेजस्वी हवेत, बेंबी पूर्ण मिटलेली हवी, पाय सरळ हवेत आणि पाठीवर निजविल्यावर पिल्लाने चटकन उठायला हवे. कडकनाथ पिल्लाची लव निळसर काळी असते आणि पाठीवर अनियमित गडद पट्टे दिसतात. तळवे व चोच गडद आहेत का, हेही तेव्हाच पाहावे. शंका असलेल्या पिल्लाला खूण करावी आणि त्याचा निर्णय आठव्या आठवड्यावर सोडावा. वाकडी चोच, आंधळेपणा व वळलेली बोटे असलेली पिल्ले मात्र पैदाशीच्या यादीतून त्याच दिवशी काढून टाकावीत.

दुसरी चाळणी : आठवा आठवडा

या वयात तुरा व अंगलट यांवरून नर-मादी बऱ्यापैकी ओळखू येतात. नराचा तुरा आधी वाढतो आणि पाय जाड दिसतात. दोघांना वेगळे करून प्रत्येक पिल्लाचे वजन करावे. तुलना नराची नराशी आणि मादीची मादीशी, तीही एकाच उबवणीतील पिल्लांमध्ये करावी.

येथे नवख्यांची हमखास चूक होते. सर्वांत जड पिल्लू तेच सर्वांत चांगले, असे धरले जाते. ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास पोहोचते. कडकनाथला किलोभर होण्यासाठीच चार-पाच महिने लागतात. त्यामुळे भावंडांच्या तुलनेत दीडपट-दुप्पट वाढलेले पिल्लू बहुधा संकराची साक्ष देत असते. शिवाय दर पिढीत केवळ वजनावर निवड केली, तर जातीचा काटकपणा आणि चपळ बांधा हळूहळू हरवू शकतो. अतिहलकी पिल्ले बाद करावीत, अतिजड पिल्लांची जातिलक्षणे पुन्हा तपासावीत आणि मधल्या व वरच्या मधल्या गटातून निवड करावी.

आता कातडीचा रंग पक्का पाहता येतो. पंखाखालची पिसे बाजूला सारून कातडी पाहावी. चोच उघडून जीभ व टाळू पाहावेत. पाय उलटा करून तळवा पाहावा. तळवा गुलाबी किंवा पिवळा असेल, तर ते पिल्लू मांसासाठी वाढवावे, पैदाशीसाठी नव्हे.

मात्र फिकट पिल्लाला केवळ बाजूला काढून भागत नाही. आई व बाप दोघेही काळे असताना फिकट पिल्लू निघाले, तर दोघेही काळेपणाचे एकेरी वाहक असण्याची दाट शक्यता असते. म्हणजे ते पिल्लू आपल्या दोन्ही जन्मदात्यांविरुद्धचा पुरावा असते. म्हणूनच कोणते पिल्लू कोणत्या कोंबड्याचे, हे ठाऊक असणे आवश्यक आहे. दोषी कोंबडा कळपात राहिला, तर जातिवंत कोंबड्यांपासून त्याची सर्व पिल्ले काळीच निघतील, पण त्यांतील निम्मी तो दोष लपवून पुढे नेतील.

तिसरी चाळणी : सोळा ते वीस आठवडे

आता पक्ष्याचा सांगाडा तयार झालेला असतो. पक्षी हातात घेऊन छातीच्या हाडावरून बोट फिरवावे. ते सरळ हवे. पाठ सपाट व सरळ, शेपूट मध्यरेषेत आणि पंख अंगाशी घट्ट मिटलेले असावेत. एका बाजूला झुकलेली शेपूट, वाकडी पाठ आणि एकमेकांवर घासणारे गुडघे हे दोष बऱ्याचदा पिढीत उतरतात. तुरा एकेरी व उभा असावा. त्याला बाजूने फुटवे असलेले पक्षी टाळावेत.

त्यानंतर पक्ष्याला मोकळे सोडून दुरून पाहावे. जो पक्षी दाणे टिपण्यात पुढे असतो, ऊन-पावसात आडोसा शोधतो आणि घारीची सावली पडताच दडून बसतो, तो परसबागेत टिकतो. सतत इतरांची पिसे उपटणारे पक्षी व माणसावर धावून येणारे कोंबडे दिसायला देखणे असले तरी ठेवू नयेत.

निवड ज्या परिस्थितीत कळप पुढे राहणार आहे, त्याच परिस्थितीत व्हावी. झाबुआचा प्रदेश कोरडा आहे, तर गोवा व कोकणात पावसाळ्याचे चार महिने ओल असते. ओल्या गादीत रक्ती हगवण लवकर पसरते. म्हणून येथील पाळकांनी दिवाळीनंतर पिल्ले काढावीत. म्हणजे पाऊस येईपर्यंत ती सहा-सात महिन्यांची होतात. खुराड्यातील भाताच्या तुसाची गादी वरचेवर हलवून कोरडी ठेवावी. पहिला पावसाळा निरोगी काढणाऱ्या पक्ष्यांना पुढच्या पैदाशीत अग्रक्रम द्यावा.

चौथी चाळणी : अंड्यावर आल्यानंतर

तलंगेची अंतिम निवड पहिली अंडी पाहिल्याशिवाय करू नये. ती कितव्या दिवशी अंड्यावर आली, अंड्याचा आकार व कवच कसे आहे, सलग किती दिवस अंडी देते, याची नोंद ठेवावी. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंच्या हाडांत साधारण दोन बोटांचे अंतर असते व तो भाग मऊ, ओलसर असतो. हाडे जुळलेली व भाग कोरडा असेल, तर ती अंड्यावर नाही, असे समजावे.

दोन वर्षे अंडी देऊन धडधाकट राहिलेली कोंबडी ही कोणत्याही तलंगेपेक्षा भरवशाची असते, कारण तिने उत्पादन व टिकाऊपणा दोन्ही सिद्ध केलेले असतात. म्हणून दरवर्षी सगळा कळप बदलू नये. निम्म्या जुन्या, पारखलेल्या कोंबड्या आणि निम्म्या नव्या तलंगा असे प्रमाण ठेवावे.

कोंबड्याची परीक्षा

एका कोंबड्यामागे आठ ते दहा कोंबड्या ठेवतात. त्यामुळे एका कोंबडीची चूक तिच्या मोजक्या पिल्लांपुरती राहते, पण कोंबड्याची चूक सगळ्या गटात उतरते. बाहेरून आणलेल्या कोंबड्याची चाचणी म्हणूनच घ्यावी. त्याला फिकट पायांच्या साध्या गावठी कोंबड्यांबरोबर स्वतंत्र ठेवावे आणि त्यातून निघालेल्या माद्यांची कातडी तपासावी. कोंबडा शुद्ध असेल, तर सर्व माद्या काळ्या निघतील. तो एकेरी वाहक असेल, तर साधारण निम्म्या फिकट निघतील. ओळीने सात माद्या काळ्या निघाल्या, तर कोंबडा सदोष असूनही दोष लपून राहण्याची शक्यता १२८ मध्ये एक इतकीच उरते. ही चाचणीची पिल्ले संकरित असतात. ती खाण्यासाठी ठेवावीत. पैदाशीत किंवा कडकनाथ म्हणून विक्रीत ती कदापि जाऊ देऊ नयेत.

रक्तसंबंधाचा धोका

उत्तम पक्षी निवडूनही अनेक कळप चार-पाच पिढ्यांत खालावतात. अंडी फळत नाहीत, पिल्ले कवचातच मरतात, वाढ खुंटते. अनेकदा यामागे जवळच्या नात्यातील पैदास असते. कळपात किती पक्षी आहेत यापेक्षा किती कोंबडे पैदाशीत आहेत, हे येथे अधिक महत्त्वाचे ठरते. याचे सूत्र सोपे आहे : कोंबडे गुणिले कोंबड्या गुणिले चार, भागिले दोघांची बेरीज. येणारी संख्या म्हणजे कळपाची ‘परिणामकारक संख्या’.

दोन कोंबडे व वीस कोंबड्या असलेल्या कळपाची ही संख्या जेमतेम ७ येते आणि दर पिढीत रक्तसंबंध सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. त्याच वीस कोंबड्यांसाठी पाच कोंबडे वापरले, तर संख्या १६ होते आणि वाढ सुमारे ३ टक्क्यांवर येते. तीन कोंबड्यांचा जादा दाणा हा त्या मानाने क्षुल्लक खर्च आहे.

त्यासाठी कळपाचे चार गट करावेत. प्रत्येक गटात एक कोंबडा व आठ कोंबड्या असाव्यात. नव्या पिढीत माद्या आईच्याच गटात ठेवाव्यात आणि निवडलेला नर पुढच्या गटात पाठवावा. पहिल्याचा दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात, तिसऱ्याचा चौथ्यात व चौथ्याचा पहिल्यात. त्यामुळे भाऊ-बहीण किंवा बाप-लेक एकत्र येत नाहीत. निवडताना सगळे नर एकाच नामांकित कोंबड्याचे घेऊ नयेत. प्रत्येक कोंबड्यामागे त्याचा उत्तम मुलगा आणि शक्य तेथे प्रत्येक कोंबडीमागे तिची उत्तम मुलगी ठेवावी. केवळ या शिस्तीने वरील ३६ पक्ष्यांच्या कळपाची परिणामकारक संख्या १४ वरून २० पर्यंत जाते.

जात टिकविण्यासाठी ही संख्या निदान ५० असावी, असा जागतिक अन्न व कृषी संघटनेचा निकष आहे. एकट्या परसबागेला ते झेपत नाही. मात्र पाच पाळकांनी प्रत्येकी ४ कोंबडे व २० कोंबड्या ठेवून दरवर्षी नरांची ठरवून अदलाबदल केली, तर संख्या ६६ च्या घरात जाते. शेजारच्याशी कोंबड्याची अदलाबदल करण्याची जुनी रीत शास्त्राच्या कसोटीवरही अशी खरी उतरते.

आरोग्य आणि नोंदवही

अदलाबदल करताना रोगांचीही अदलाबदल होऊ नये, याची काळजी हवी. बाहेरून आलेला पक्षी निदान तीन आठवडे वेगळा ठेवावा. पुलोरम हा रोग अंड्यातून पिल्लात उतरतो. कोंबडी वरून धडधाकट दिसते आणि पिल्ले मात्र पांढरी हगवण लागून मरतात. म्हणून पैदाशीच्या पक्ष्यांची रक्तचाचणी पशुवैद्यकाकडून करून घ्यावी. मरेक, मानमोडी म्हणजेच राणीखेत, गंबोरो आणि देवी यांच्या लसी पशुवैद्यकाने दिलेल्या वेळापत्रकानुसार टोचून घ्याव्यात. जानेवारी २०२१ मध्ये खुद्द झाबुआ जिल्ह्यातील एका कडकनाथ फार्मवर बर्ड फ्लू आढळला होता आणि तेथील पक्षी नष्ट करावे लागले होते. सगळी अस्सल पैदास एकाच खुराड्यात ठेवणे किती धोक्याचे असते, हे त्यातून दिसून आले. निवडलेल्या पक्ष्यांची एक तुकडी विश्वासू पाळकाकडे, दुसऱ्या गावात ठेवणे हा यावरचा साधा उपाय आहे.

प्रत्येक निवडक पक्ष्याच्या पायात क्रमांकाचे कडे असावे आणि वहीत त्याची एक ओळ असावी. त्या ओळीत गट, आई-बाप, उबवणीची तारीख, आठव्या व विसाव्या आठवड्याचे वजन, पहिल्या अंड्याचा दिवस आणि निघालेली फिकट किंवा सदोष पिल्ले यांची नोंद हवी. एवढी वही असली, की पिल्ले घ्यायला आलेल्या ग्राहकालाही ती पुढे करता येते.

पिल्ले विकत घेणाऱ्यानेही हीच वही मागावी. आई-बाप दाखवा, त्याच उबवणीतील नर दाखवा, लसींची नोंद दाखवा, या तीन मागण्यांना जो विक्रेता उत्तर देऊ शकत नाही, त्याच्याकडची पिल्ले खाण्यासाठी घ्यावीत. पैदाशीसाठी घेऊ नयेत.